दोरीवर वाळणारा हात

आमच्या मनवेलपाड्याच्या गॅलरीत सध्या एक हात वाळतो आहे. निळा हात. मुलाचा बनियन आणि ओट्याचं फडकं यांच्या मधोमध, बोटं वर, तोंड खाली. वारा आला की तो समोरच्या इमारतीला टाटा करतो. समोरच्या खिडकीतल्या बाईंनी काल चुकून त्याला उलट हात केला, मग मला पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

सूनबाईनं विचारलं, "आई, हे काय?"

"हातमोजा आहे. धुऊन वाळत घातलाय."

"कचऱ्याच्या डब्यातला?"

"वरच होता गं. मेथीच्या देठांवर. स्वच्छ होते देठ."

ती आत निघून गेली. म्हातारपणाचा आता तेवढाच फायदा उरला आहे. माणसं अर्ध्यावर सोडून देतात.

झालं होतं असं. रविवारची कोळंबी आली होती आणि ती सोलायला माझी नात केतकी बसली होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी हाताला वास नको म्हणून बाईसाहेबांनी कॉलेजच्या बॅगेतून हातमोज्यांचा खोका काढला. आमच्या वेळी कोळंबी सोलली की हात चिंचेनं चोळायचे, मग राखेनं, आणि तरीही सकाळी मांजर मागं मागं यायचं. मी हे सांगणार होते, तेवढ्यात एका कोळंबीचं शिंग तिच्या अंगठ्याशी मोज्यातून आरपार गेलं. "च्यक्" करून तिनं मोजा ओढून काढला, फेकला, दुसरा घातला.

आणि तो वास आला. ओल्या रबराचा, आत कोंडलेल्या घामाचा. हे नवे मोजे म्हणे रबराचे नसतातच. नसतील. माझ्या नाकाला कोणी ते कळवलेलं नाही. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते ती तशीच बसून राहिले, पण त्या स्वयंपाकघरात नव्हते.

केतकीचंही लक्ष कोळंबीत नव्हतं. तिच्या कॉलेजनं निवडून काढलेल्या थोड्या मुलींना विचारलं होतं: मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात बर्न्स वॉर्डची इंटर्नशिप करणार का? भाजलेल्या माणसांचा वॉर्ड. काम कठीण, ड्यूट्या लांब, सुट्टी नावालाच. नाहीतर तुळिंजचं एक छोटं नर्सिंग होम होतं. शेअर रिक्षातून उतरलं की दारात, दुपारी घरी जेवायला. उत्तर उद्या सकाळी द्यायचं होतं. तिच्या आईनं उत्तर केव्हाच देऊन टाकलं होतं, तुळिंज. बापाचं म्हणणं, "तुला काय वाटतं ते कर," म्हणजे काहीच नाही. आणि मुलगी आठवडाभर ताटातल्या भाताचे डोंगर करून परत सपाट करत होती.

"आजी, तू काय केलं होतंस गं? तुला कसं कळलं?"

मला! मी आयुष्यभर नर्स होते, आता गुडघ्यांची पेशंट आहे. पण जिला असलं काही विचारावं ती मुलगी मी नव्हे. ती मुलगी वेगळी, माझ्या तरुणपणातली. तिला मी ओळखते, पण तिची हमी मी घेणार नाही.

ती वसईजवळच्या निर्मळ गावची. दोन वेण्या कानांवर बांधलेल्या, मान लांब, अक्कल बेताची. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर आरशासमोर उभं राहून गंभीर चेहऱ्याचा सराव. पेशंटला धीर द्यायचा असतो असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. भुवया अशा, ओठ असे, मान थोडी तिरकी. आई दारातून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "प्वाट दुखतंय काय गो?"

आमची वाडी फुलांची आणि केळीची. ऊन यायच्या आत मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या. हात दवानं गार पडायचे, नखांत हिरवा चीक. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा आई परातीत भिजत घालायची आणि त्याच्यानं कळ्या गुंफायची. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, दोऱ्याचा वेढा, गाठ. तिची बोटं दिसायची नाहीत. नुसती माळ लांब होत जायची, जशी काही ती आईच्या हातातून उगवतेच आहे. ओल्या सोपाचा एक तुरट वास घरभर असायचा. त्या वासात मी पाढे पाठ केले, त्यातच झोपले.

आणि सायकल. आमच्या घरात सायकल म्हणजे दुभतं जनावर. फुलांच्या टोपल्या, केळीचे लोंगर, वांगी, सगळं तिच्याच पाठीवर बाजाराला जायचं. ती पंक्चर झाली की बाबा अंगणात घमेलं मांडायचे. मी ट्यूब पाण्यात दाबून धरायची. कुठूनतरी एक बुडबुडा निघायचा, मग त्याच्या मागं बारीक माळ. "हितं!" मी ओरडायची. बाबा तिथं कानस घासायचे, सोल्युशन लावायचे, फुंकर मारायचे. त्या सोल्युशनचा वास मला मोगऱ्याइतकाच आवडायचा. हे मी कोणाला सांगत नसे. मुलीच्या जातीला शोभणारं नव्हतं.

तर अशी ती मुलगी मुंबईच्या हॉस्पिटलात शिकायला गेली आणि शेवटच्या वर्षाला तिच्यापुढेही हाच प्रश्न आला. डोळ्यांचा वॉर्ड की जळिताचा? जळिताच्या वॉर्डात मुली आपणहून जात नसत. त्या मजल्यावरच्या जिन्यातही एक वास असे. त्याचं वर्णन मी करणार नाही. तो ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

आमच्या निर्मळच्या बाईंनी डोळ्यांचा वॉर्ड ठरवला होता. पक्का. कारणं सांगू? तिथं बसायला खुर्ची होती. उजेड मंद होता. आणि पेशंटच्या डोळ्यांवर पट्ट्या असल्यामुळं आपण जांभई दिली तर कळत नसे. एवढ्या उदात्त विचारानं ती सेवेला निघाली होती.

पण जळिताच्या वॉर्डच्या सिस्टरनी बोलावलं होतं, म्हणून नाही म्हणायला वर जाणं भाग होतं. ती रात्रभर वाक्य घोकत होती: माझी प्रकृती नाजूक आहे. प्रकृती नाजूक! मेसमध्ये दुसऱ्यांच्या पानातल्या पोळ्या उचलून खाणारी मुलगी.

सिस्टर मागच्या खोलीत होत्या. उंच, हाडाच्या, केस पांढरे, पायाशी बादली. बादलीत हातमोजे. तेव्हा ते फेकून देत नसत. वापरले की धुवायचे, भोकं शोधायची, वाळवायचे, ठिगळ लावायचं, पावडर भरायची, जोड्या जुळवायच्या आणि ड्रममध्ये घालून वाफेला लावायचे. मग तोच हात पुन्हा नव्या माणसासाठी. खिडकीबाहेरच्या दोरीवर रांगेनं हात लटकत होते, तपकिरी, अर्धवट फुगलेले. जणू खिडकीपलीकडं बरीच माणसं उभी होती आणि सगळ्यांना एकदमच काहीतरी विचारायचं होतं.

"सिस्टर, माझी प्रकृती..."

"हे धर," त्या म्हणाल्या.

मी धरलं.

"फुंक. आता तोंडाशी पिळ. गालाशी ने."

मी नेलं. भोक दिसत नव्हतं, आवाजही नव्हता. पण गालावर एक बारीक गार रेघ उमटली, कोणीतरी लांबून उसासा टाकावा तशी.

"हितं!" मी ओरडले.

सिस्टरनी पहिल्यांदाच वर बघितलं.

मग काय विचारता! ती मुलगी प्रकृती विसरली. खाली बैठक मारली, आपण निर्मळच्या, आपल्याला पंक्चरमधलं सगळं कळतं, असं सुरू केलं. दुपार कधी सरकली कळलं नाही. पावडर उडत होती, तिरप्या उन्हात तरंगत होती, आमच्या पापण्यांवर बसत होती. सिस्टर बोलत नव्हत्या. त्यांचे हात आईसारखे चालत होते, दिसेनासे. मीही काही वेळ गप्प बसले, ही मोठीच गोष्ट.

आणि एका उजव्या हाताच्या अंगठ्याला मी ठिगळ लावलं. जुन्या मोज्याचा तुकडा चांगला मोठा कापला, कडा घासल्या, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, वर आणखी एक थर दिला. बाबा नेहमी म्हणायचे, रस्ता खडीचा आहे. अंगठा झाला पायाच्या अंगठ्याएवढा.

सिस्टरनी तो उजेडात धरला. "हे काय आहे? बैलगाडीचं चाक?"

"गळणार नाही, सिस्टर."

"गळणार नाही. वाकणारही नाही." त्यांनी त्या जोडीवर शाईची खूण केली. "हा तूच घालायचास. सकाळी वेळेवर ये."

झालं. जिन्यावरून अर्धी उतरल्यावर मला आठवलं, की मी नाही म्हणायला आले होते. परत वर जायचा कंटाळा आला. पुढे मी निवृत्त झाले तेव्हा भाषणात कोणीतरी म्हणालं, बाईंनी तरुणपणी सगळ्यांत खडतर वॉर्ड स्वतः निवडला. माझ्या तोंडात बटाटेवडा होता. मी मान डोलावली.

त्या महिन्यांतलं मला सलग काही आठवत नाही. थकवा आठवतो. तोसुद्धा एक नव्हता. पायांचा थकवा वेगळा, तो बादलीत पाय बुडवले की उतरायचा. नाकाचा वेगळा. सुट्टीला घरी गेले तर आईनं ओंजळभर मोगरा माझ्यापुढं केला आणि मला काहीच वास आला नाही. पांढऱ्या कागदाचे बोळे असावेत तसा. मी "वा" म्हटलं. आईनं ओंजळ मागं घेतली, माझ्याकडं बघितलं, आणि माळ गुंफायला लागली. आणि एक थकवा होता ऐकण्याचा. ड्रेसिंगच्या वेळी वॉर्डात जे आवाज व्हायचे, ते हॉस्टेलच्या नळातून, पंख्यातून, भांड्यांतून यायचे. आरशातला तो गंभीर चेहरा? पहिल्याच दिवशी पडला कुठंतरी. सापडला नाही, शोधलाही नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर वसईच्या पाचूबंदरची एक बाई होती. मासळी विकणारी, आवाज बाजारातला. कशानं भाजली ते मी विचारलं नाही. तेव्हा घराघरात रॉकेलचे स्टोव्ह होते, आणि घरं होती. तिचे डोळे सुजून मिटलेले. कोणी जवळ गेलं की ती ओरडायची, "कोन हाय? कोन हाय त्ये?" सगळ्या नर्स तिला सारख्याच. सारखे मोजे, सारखा पावडरचा वास.

मी मनगट धरलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "ह्यो अंगठा कसला गो?"

"ठिगळ आहे, मावशी. पंक्चर काढलंय."

त्या जळलेल्या तोंडातून ती हसली. ते हसू नव्हतंच खरं तर, श्वास अडकून सुटला एवढंच. पण दुसऱ्या दिवशीपासून ती वाट बघायला लागली. "पंक्चर आली का? पंक्चर आली तर सोडा पट्टी." मी अंगठा तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, कातडी शाबूत होती तेवढ्या जागी, टेकवायची. ती दात आवळायची. मी सोडवत जायची. ती मला भाव सांगायची. बोंबील कसे, पापलेट कसे, घासाघीस करणाऱ्या बायकांना ती काय काय बोलायची. त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही, आणि ड्रेसिंग मात्र त्याच्याच जोरावर व्हायचं. सिस्टरनी तो मोजा कधी बदलू दिला नाही. वाफेत ठिगळ सुटलं, तर मी परत लावायची, तसंच जाड.

मग एके दिवशी तिचे डोळे उघडले. फटीएवढेच. मी अंगठा टेकवला. तिनं मान वळवली, खालपासून वरपर्यंत बघितलं, बराच वेळ.

"एवढीशी हाय होय तू?" ती म्हणाली. "मला वाटलं, मोठी बाई असंल."

इतकं निराश मला त्यानंतर नवऱ्यानंसुद्धा कधी केलं नाही.

त्याच आठवड्यात मला घरी जायची सुट्टी मिळाली. परत आले तर खिडकीजवळच्या खाटेवर नवी चादर होती, कोपरे घट्ट खोचलेली. सिस्टर मागच्या खोलीत मोजे तपासत होत्या. मी विचारलं. "घरी गेली," त्या म्हणाल्या. सिस्टर खोटं बोलत नसत. पण त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. मी बादलीपाशी बसले, एक मोजा घेतला, फुंकला, गालाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. पुढं कितीदा वसईला गेले, पाचूबंदरला उतरून विचारता आलं असतं. विचारलं नाही. काही दिवस मला वाटतं ती घरी गेली. काही दिवस वाटत नाही. आज कोणता दिवस आहे ते मी ठरवलेलं नाही.

तर एवढं सगळं मी केतकीला सांगितलं. कोळंबी संपली होती, सालांवर एक माशी घोंगावत होती.

"मग मी जाऊ का नको?" ती म्हणाली.

माझ्या तोंडात "नको" होतं. अगदी जिभेवर. ही मुलगी पोळीचा काठ काढून खाते, मांजर गाडीखाली आलं तर दोन दिवस जेवत नाही. तिच्या नाकातला मोगरा जावा असं मला वाटत नव्हतं. तिचे पाय बादलीत, तिच्या पंख्यात ते आवाज. माझं एक आयुष्य दमून झालंय, आता घरात पुन्हा दमलेलं माणूस बघायची ताकद माझ्यात नाही. हे स्वार्थीपण आहे, पण म्हाताऱ्या माणसाकडं दुसरं काय असतं?

मी म्हटलं, "डोळ्यांच्या वॉर्डात खुर्ची होती."

"बघ!" ओट्यापासून सूनबाई म्हणाली. "आजीपण तेच सांगतायत."

"आई, तू थांब गं. आजी, दमल्यावर काय करायचीस तू?"

"दमायची."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बसायची, रडायची, मेसमधल्या दुसऱ्याच्या पोळ्या खायची. मी दमतच नाही असं म्हणणाऱ्या मुली होत्या ना, त्या आधी गेल्या सोडून."

ती हसली नाही. फेकलेला मोजा मी डब्यातून काढून धुवायला लागले, तेव्हा जवळ येऊन उभी राहिली. मी तो फुंकला, तोंडाशी पिळला. हे हल्लीचे मोजे म्हणजे कांद्याचा पापुद्रा. ह्यांना ठिगळ कसलं लावणार! तिच्या गालाशी धरला.

ती डोळे मिटून उभी राहिली. "इथे," ती म्हणाली, अगदी हळू.

मग मी तो दोरीवर घातला. बोटं वर, तोंड खाली. नाहीतर पाणी आतच राहतं. हे त्या निर्मळच्या मुलीला कळायला एक महिना लागला होता.

आज सकाळी मी जागी होते, पण डोळे उघडले नव्हते. उठायचं म्हणजे आधी उजव्या गुडघ्याला विचारायचं, मग डाव्याला; तेवढ्या वाटाघाटी चालू होत्या. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी खाटेच्या कडेला येऊन बसलं. मग माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला काहीतरी गार टेकलं. पातळ, रबरी. आणि त्यात एक जाड, खरबरीत गाठ. चिकटपट्टीचे थरावर थर दिलेला अंगठा.

मी डोळे उघडले नाहीत.

"कोन हाय?" मी विचारलं.

"पंक्चर," ती म्हणाली. "बर्न्सला हो म्हणून सांगायला चाललेय. आईला अजून बोलले नाहीये."

ते "नको" अजून माझ्या तोंडात होतं, रात्रभर होतं. मी ते गिळलं. डोळे उघडले. युनिफॉर्मला इस्त्री, केस ओले, डोळ्यांखाली न झोपल्याची सावली. हातात तो वेडाविद्रा निळा मोजा. मी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, बराच वेळ.

"एवढीशी आहेस होय तू?" मी म्हटलं. "मला वाटलं, मोठी बाई असेल."

ती हसली, नाक पुसलं, मोजा काढून माझ्या पांघरुणावर ठेवला आणि गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात सूनबाईचा आवाज चढला, मग उतरला, मग डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

मी उठले. उजवा गुडघा तयार झाला, डावा कुरकुरला. मोजा उलटा करून धुतला. आतल्या बाजूला तिच्या घामाचा ओलावा होता. अंगठ्याची चिकटपट्टी मी काढली नाही. पुन्हा दोरीवर घातला, बोटं वर, तोंड खाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. संध्याकाळी ती दमून येईल. कोणीतरी बसलेलं असावं.